चुकारा, पॅकेज, सन्मान : वर्ध्याच्या कापसावरील सरकारी पैशाचा इतिहास

शासनाने शेतकऱ्याच्या हाती ठेवलेल्या पैशाला मराठीत एकच एक नाव नाही. तगाई, चुकारा, बोनस, अनुदान, पॅकेज, माफी, मुक्ती, सानुग्रह मदत, सन्मान निधी अशी शब्दांची रास गेल्या दीडशे वर्षांत साचली आहे. वरवर पाहता ही कचेरीतील परिभाषेची यादी वाटते आणि साहित्याच्या अभ्यासकाचे तिच्याशी काही देणेघेणे नाही असेही वाटते. परंतु यातील प्रत्येक शब्द देणारा कोण, घेणारा कोण आणि पैसा कोणत्या नात्याने हात बदलतो याविषयी काही गृहीत धरून चालतो. तगाई फेडायची असते. चुकारा हा विकलेल्या मालाचा हिशेब असतो. बोनस हा नफ्यातला वाटा असतो. माफी मागावी लागते ती अपराध घडल्यावर. आणि सन्मान ज्याचा करायचा, त्याने सत्काराची रक्कम मोजून पाहू नये असा संकेत असतो. या शब्दांचा क्रम नीट लावला, तर शेतकरी आणि शासन यांच्या नात्याचा इतिहास हाती लागतो, असे आम्हांस वाटते. तो आम्ही वर्धा जिल्ह्याच्या आणि कापसाच्या आधारे मांडून पाहणार आहोत.

वर्धा निवडण्यास कारण आहे. सरकारने कापसाकडे प्रथम राजकीय दृष्टीने पाहिले त्या प्रदेशातील हा जिल्हा. कापसाला नैतिक मूल्य देण्याचा प्रयोग झाला तोही येथेच. आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली त्यांतही अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम यांच्या जोडीला वर्धा होता.

१.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. प्रारंभी त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. पुढे पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. हा काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा, १८६१ ते १८६५ चा. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या अडल्या होत्या आणि हिंगणघाटच्या बाजारातील लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसाचे नाव लिव्हरपूलपर्यंत पोहोचले होते. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमला गेला आणि हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने ते काम पाहिले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारने नेमलेला हा कमिशनर कापसाचा होता, कास्तकाराचा नव्हता. बियाणे शुद्ध राहावे, भेसळ होऊ नये, गाठी वेळेवर बंदरात पोहोचाव्यात ही त्याची काळजी. युद्ध संपले, भाव उतरले आणि पुढील दशकांत बनीची जागा आखूड धाग्याच्या, पण रुईचा उतारा अधिक देणाऱ्या ‘जरी’ कापसाने घेतली. सरकारी अहवालांनी याला दर्जाची घसरण म्हटले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर जो दर्जाचा भाव देत नाही त्याला दर्जा न देणे हा सरळ व्यवहार होता.

वऱ्हाडात रयतवारी होती, वर्ध्यात मालगुजारी. म्हणजे जमिनीचा मालक म्हणून कागदावर ज्याचे नाव, तो बहुधा जमीन कसणारा नव्हे. मालगुजारी १९५०-५१ मध्ये गेली. पण कागदावरचे नाव एक आणि नांगरामागचा माणूस दुसरा, ही फट या जिल्ह्यात जुनी आहे. पुढच्या सर्व योजना याच फटीत अडखळलेल्या दिसतील.

१८८३ मध्ये जमीनसुधारणा कर्जाचा कायदा झाला आणि १८८४ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाचा. विहीर, बांध, बी, बैल यांसाठी मिळणाऱ्या या सरकारी कर्जाला लोकांनी ‘तगाई’ हा जुनाच शब्द वापरला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला तेही वर्ष १८८३. तो ग्रंथ पुण्याकडच्या शेतकऱ्याला समोर ठेवून लिहिला गेला. मात्र सरकार एका हाताने काय घेते आणि दुसऱ्या हाताने काय देते याचा ताळेबंद मांडल्याशिवाय देण्याविषयी बोलता येत नाही, ही त्याची दृष्टी वर्ध्यालाही लागू आहे. तगाई ही मदत होती, पण परत करायची मदत. सारा आणि तगाईचा हप्ता एकाच कचेरीत भरावा लागे.

१९३० च्या मंदीत कापसाचे भाव कोसळल्यावर मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला. ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे बसवून किती कर्ज खरे, किती सोडायचे, उरलेले किती हप्त्यांत फेडायचे हे ठरवावे, असा तो मार्ग. येथे सरकार स्वतः काही देत नव्हते. दुसऱ्याने सोडावे म्हणून मध्यस्थी करीत होते. शब्दही तसाच होता : तडजोड. त्यात दोन्ही पक्ष उभे असतात, कोणी कोणाच्या पायाशी नसतो.

२.

याच दशकात वर्ध्यात एक निराळा विचार चालू होता. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधी वर्ध्याला आले आणि १९३६ पासून शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहू लागले. त्याआधी १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघात एक प्रश्न ऐरणीवर आला होता. खादी स्वस्त असावी की सूत काढणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळावी? खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग. मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक तुटेल, हा व्यवहारी आक्षेप होता. गांधींनी मजुरीची बाजू घेतली आणि संघाने जीवनवेतनाचे तत्त्व स्वीकारले. खादी महागली.

या निर्णयाचा आर्थिक परिणाम किती झाला हा वेगळा प्रश्न. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा विचार. वस्तूच्या किमतीतच ती करणाऱ्याचे जगणे अंतर्भूत असले पाहिजे. ते बाहेरून, दानाने वा सरकारी तिजोरीतून भरून काढायचे नाही, असा तो विचार होता. स्वातंत्र्यानंतर खादीला सरकारी मंडळ मिळाले, आयोग मिळाला आणि गांधीजयंतीच्या सुमारास गिऱ्हाइकाला सूट देण्याची प्रथाही पडली. सूट तिजोरीतून येऊ लागली तसा किमतीचा प्रश्न मागे पडला. कापसाच्या बाबतीत पुढे जे घडले त्याची ही छोटी आवृत्ती म्हणता येईल.

३.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया व विक्रीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. देशात अन्यत्र कोठेही नव्हती अशी ही व्यवस्था. राज्यातील शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी संकलन केंद्रावरच आणायचा. व्यापाऱ्याला विकणे बेकायदा. पणन महासंघाने तो प्रतवारी करून घ्यायचा, रेचून रुई आणि सरकी वेगळी करायची, गाठी बांधून विकायच्या. १९८४ पासून हे काम खास कापूस उत्पादकांसाठी स्थापन केलेल्या पणन महासंघाकडे गेले. शेतकऱ्याला हमी दराने पैसे मिळत. हंगामाच्या शेवटी नफा उरला, तर त्याचा तीन-चतुर्थांश शेतकऱ्याला बोनस म्हणून आणि एक-चतुर्थांश भाव चढउतार निधीत. शिवाय त्याच्या रकमेतून तीन टक्के भांडवल उभारणीसाठी कापले जात.

या पैशाला लोकांनी नाव दिले ‘चुकारा’. चुकता करणे या क्रियेतून आलेला हा शब्द आहे. तो देणाऱ्यावर ऋण टाकतो. चुकारा लांबला तर शेतकरी मोर्चा काढी, कारण पैसा त्याचा होता. महासंघ फक्त त्याचा विश्वस्त. संकलन केंद्राबाहेरच्या बंड्यांच्या रांगा, ग्रेडरने एका नजरेत ठरवलेली प्रत, वजनातली घट, महिनोन्महिने अडलेले चुकारे या तक्रारी वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या बाजारांना नवीन नव्हत्या. बाहेर भाव चढा असला की कापूस रातोरात राज्याची सीमा ओलांडी आणि सीमेवरच्या नाक्यांवर तो ‘तस्करीचा माल’ ठरे. स्वतःच्या शेतातील कापूस चोरट्या वाटेने न्यावा लागतो, हा प्रकार शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात नेमका पकडला. कापसाचे आंदोलन विदर्भ-मराठवाड्यात पेटले. १० डिसेंबर १९८६ रोजी सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले.

शरद जोशींनी आणखी एक शब्दप्रयोग मराठीत रुजवला : ‘उणे सबसिडी’. खते, वीज, पाणी यांवर शासन जे देते त्याहून अधिक ते भाव पाडून काढून घेते, असा त्याचा अर्थ. निर्यातबंदी, आयात, झोनबंदी, सक्तीची खरेदी ही काढून घेण्याची साधने. पुढे जागतिक व्यापार संघटनेपुढे भारत सरकारनेच आपल्या शेतमालाला मिळणारे पीकनिहाय संरक्षण ऋण असल्याचे कागद सादर केले, तेव्हा या शब्दाला अधिकृत पुरावा मिळाला. ‘सबसिडी’ म्हटले की शेतकऱ्याने घेतलेले पैसे आठवतात. ‘उणे सबसिडी’ म्हटले की न मिळालेल्या पैशांचा हिशेब करावा लागतो. एका विशेषणाने प्रश्नाची दिशा उलटवली.

तरीही एकाधिकार योजनेची एक बाजू तिच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. ती पीककर्जाला जोडलेली होती. सहकारी सोसायटीचे कर्ज चुकाऱ्यातून परस्पर वळते होई आणि त्यामुळे पुढच्या हंगामाला सोसायटी पुन्हा कर्ज देऊ शके. भाव, खरेदी आणि कर्ज हे तीन धागे एकत्र वळलेले होते. एक तुटला की बाकीचे सुटणार, हे तेव्हा फारसे कोणी बोलले नाही.

४.

धागा तुटला तो बाहेरच्या ओढीने. जागतिक बाजारात १९९५ मध्ये पौंडाला शंभर सेंटच्या वर गेलेला रुईचा भाव २००१ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली आला. अमेरिका त्याच सुमारास आपल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या आसपास मदत देत होती. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये अपिलातही तो जिंकला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला. ब्राझीलशी अमेरिकेची अखेरची तडजोड २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन झाली. हे पैसे ब्राझीलला मिळाले. वर्ध्याचा कापूस त्याच बाजारात त्याच भावाने पडला होता. पण त्याच्या वतीने दावा कोणी लावला नव्हता.

इकडे १९९० च्या दशकात महाराष्ट्र सरकार हमीभावावर ‘अग्रिम बोनस’ देऊ लागले होते. हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बोनस म्हणजे झालेल्या नफ्याचा वाटा; तो अग्रिम कसा देणार? नफा होण्यापूर्वीच तो वाटून टाकल्यावर बोनस हा हिशेबाचा शब्द राहिला नाही. तो आश्वासनाचा झाला. महासंघाचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला. २००२-०३ पासून खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. त्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली होती. म्हणजे बियाण्याचा खर्च वाढण्याचा आणि भावाचा आधार जाण्याचा काळ एकच.

२००५ च्या हंगामात क्विंटलमागे ५०० रुपयांचा अग्रिम बोनस बंद झाला. लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव तेव्हा १,९८० रुपये होता. वीस क्विंटल कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराचे एका निर्णयाने दहा हजार रुपये गेले. त्याच डिसेंबरात वर्धा जिल्ह्यातील डोर्ली या गावाने आपले गाव विक्रीला काढल्याचा फलक लावला. सोसायट्यांची वसुली थांबली आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक पुढच्या काळात अशी अडचणीत सापडली की, पीककर्जाचा तिचा मार्ग जवळजवळ बंदच झाला. रिकाम्या जागी सावकार आणि कृषी केंद्राची उधारी आली.

तुलनेसाठी एक परकी गोष्ट सांगणे उपयोगी ठरेल. अमेरिकेत तंबाखूच्या शेतकऱ्यांना १९३० च्या दशकापासून कोटा ठरवून दिलेला होता आणि त्याआधारे भावाचे संरक्षण मिळे. २००४ मध्ये तेथील काँग्रेसने ही व्यवस्था मोडली. मोडताना मात्र कोटाधारकाला पौंडामागे सात डॉलर आणि प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला तीन डॉलर, असे पैसे २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देण्याचे ठरले. त्याचा भार सिगारेट कंपन्यांवर टाकला गेला. तंबाखूसारख्या घातक पिकाला असे संरक्षण असावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या व्यवहारातील दोन तत्त्वे नोंदवण्याजोगी आहेत. शासन आपला शब्द मागे घेते तेव्हा त्या शब्दाची किंमत मोजते, हे एक. आणि कागदावरचा मालक व कसणारा यांना वेगवेगळे ओळखते, हे दुसरे. १९३३ मध्ये त्याच देशाने उभा कापूस नांगरून टाकण्यासाठी पैसे दिले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ते जमीनदारांनीच ठेवून घेतले होते. मधल्या सत्तर वर्षांत निदान एवढे शिकून झाले होते. महाराष्ट्रात एकाधिकार योजना संपली तेव्हा तीस वर्षांच्या सक्तीच्या व्यवहाराची अशी मोजदाद झाली नाही.

५.

भाव गेला आणि त्याच्या जागी ‘पॅकेज’ आले. डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे आणि १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या दौऱ्यात वर्धा जिल्ह्यातील वायफड गावालाही ते गेले होते. या रकमेची फोड पाहावी. २,१७७ कोटी सिंचनप्रकल्पांसाठी, ७१२ कोटी थकीत कर्जावरील व्याजाच्या माफीसाठी. उरलेल्यात बियाणे बदल, पाणलोट, फळबागा, निम्म्या किमतीत दुधाळ जनावरे. व्याज गेले, मुद्दल राहिले. सिंचनाचा पैसा धरणांच्या कामांत गेला आणि कोरडवाहू कापसाच्या शेतापर्यंत त्याचे पाणी पोहोचण्यास वर्षे लागणार होती. निम्म्या किमतीत मिळालेल्या गाईला चारा मात्र पूर्ण किमतीने घ्यावा लागे. पॅकेज हा शब्द आपल्याकडे प्रवासी कंपनीच्या जाहिरातीतून आला. त्यात निवड देणाऱ्याची असते, गरज घेणाऱ्याची.

याच काळात आणखी एक शब्द गावोगाव पोहोचला : ‘पात्र’. वाङ्मयाच्या वर्गात आपण तो रोज वापरतो. तहसील कचेरीत त्याचा अर्थ वेगळा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची सानुग्रह मदत मिळे. तीस हजार रोख, सत्तर हजार मुदत ठेवीत. त्यासाठी समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवी. जमीन कुटुंबाच्या नावे हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे. वसुलीचा तगादा हवा. कृषी केंद्राची उधारी वा नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम कागदावर नसे. बटईने वा मक्त्याने शेती करणाऱ्याच्या नावे सातबारा नसे. बाईच्या नावे तर क्वचितच असे. म्हणजे ज्याला अधिकृत कर्ज मिळालेच नाही, म्हणून जो अधिक खोल बुडाला, तो निकषांत कमी बसत होता.

यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे जीवन संपवले होते. त्या घटनेच्या वेळी असा निकष नव्हता, मदतीची रक्कमही नव्हती. वीस वर्षांनी दोन्ही आली. दुःखाची दखल घेतली गेली हे खरेच. पण ती पडताळणीच्या भाषेत घेतली गेली आणि विधवेला आपल्या घरातील मृत्यू ‘शेतीच्या कारणाने’ झाला हे सिद्ध करण्याचे काम लागले.

२००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला उरलेले एकरकमी भरल्यास चौथा हिस्सा सूट. दोन हेक्टरची ही रेषा देशभर एकच होती. ओलिताखालच्या दोन हेक्टरवाल्याचे उत्पन्न आणि वर्ध्याच्या कोरडवाहू तीन हेक्टरवाल्याचे उत्पन्न यांची तुलना त्या रेषेने केली नाही. पावसावर अवलंबून असणाऱ्याची जमीन जास्त असते, कारण ती देते कमी. ‘माफी’ या शब्दाला शेतकरी संघटनेचा आक्षेप जुना होता. गुन्हा केला नाही तर माफी कशाची, म्हणून ती ‘कर्जमुक्ती’ म्हणे. पुढे शब्द बदलला. २०१७ ची योजना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ‘शेतकरी सन्मान योजना’ झाली, दीड लाखापर्यंत; २०१९ ची महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ‘कर्जमुक्ती योजना’, दोन लाखांपर्यंत. संघटनेचा शब्द शासनाने घेतला. त्यामागचा युक्तिवाद, म्हणजे भाव पाडल्यामुळे झालेले कर्ज हे शेतकऱ्याचे नव्हेच, हा मात्र शासननिर्णयात आला नाही.

६.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले. या आकड्याची फोड अशी : आपत्ती निधीतून ६,८००, पीकविम्यातून ८,०००, बियाणे कंपन्यांकडून १६,०००. निम्म्याहून अधिक रक्कम अशी होती जी सरकारच्या हातात नव्हतीच. ती तक्रार, पंचनामा आणि सुनावणी यांच्या पलीकडे होती. जाहीर झालेला आकडा आणि खात्यावर आलेला आकडा यांत अंतर पडावे, हे त्या बेरजेतच लिहिलेले होते.

आज सन्मानाचा काळ आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे सहा हजार, मिळून बारा हजार रुपये थेट खात्यावर येतात. मधला माणूस नाही, लाच नाही, अर्जफाटा कमी. हा लाभ लहान नाही आणि ज्या घरी पेरणीच्या तोंडावर दोन हजारांचा हप्ता येतो त्या घराला त्याची किंमत ठाऊक असते. पण हिशेब करून पाहावा. वीस क्विंटल कापूस विकताना हमीभावापेक्षा क्विंटलमागे ६०० रुपये कमी मिळाले, की बारा हजार गेले. २०२३ च्या खरिपातील पडलेल्या भावांसाठी राज्याने कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, दिले. तेही जमीन ज्याच्या नावावर त्यालाच.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. तो मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाकडे ॲपवर नोंदणी हवी, पीकपाहणीचा दाखला हवा, ओलावा आठ टक्क्यांच्या आत हवा. बारा टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. परतीचा पाऊस झालेल्या वर्षी दिवाळीपूर्वीच्या वेचणीचा कापूस या अटीत सहसा बसत नाही आणि मजुरी तर त्याच आठवड्यात द्यायची असते. त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठवण्यात आले. वस्त्रोद्योगाची त्यामागची अडचण खरी होती. पण एका हाताने हमीभाव आणि दुसऱ्या हाताने खुली आयात, या चित्रात ‘असूडा’च्या काळापासूनचा ताळेबंद पुन्हा दिसतो.

७.

या इतिहासातून आम्ही एकाधिकार योजनेच्या पुनरुज्जीवनाची मागणी करीत नाही. तिच्यातील सक्ती, दिरंगाई आणि तोटा यांची आठवण ज्यांना आहे त्यांना ती नको असेल तर ते समजण्यासारखे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, चुकाऱ्याकडून सन्मानाकडे येताना शेतकऱ्याच्या हातून तक्रारीचा अधिकार निसटला. चुकारा थकला तर जाब विचारता येई. सन्मान थांबला तर फार तर चौकशी करता येते. पैसा वाढला की कमी झाला हा एक हिशेब. पैशामागचे नाते बदलले हा दुसरा, आणि तो अर्थसंकल्पात दिसत नाही.

तो दिसण्याची जागा भाषा आणि साहित्य ही आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पॅकेजच्या दोन वर्षे आधी. शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला तरुण त्या कादंबरीने मराठी वाचकापुढे उभा केला तेव्हा शासनाच्या निकषपत्रिकेत त्याच्यासाठी रकाना नव्हता. कादंबरीतले पात्र आणि कचेरीतले पात्र यांच्यातील हे अंतर मोजणे हे आमच्या वर्गांचे काम आहे असे आम्ही मानतो. ग्रामीण साहित्याचा अभ्यासक्रम आपण बोली, निसर्ग, रूढी, शोषण अशा कप्प्यांत शिकवतो. त्याच्याशेजारी एखादा शासननिर्णय, एखादा सातबारा, संकलन केंद्राची जुनी पावती ठेवून वाचली, तर विद्यार्थ्याला कळेल की ‘लाभार्थी’ हा शब्द कर्तरी नाही आणि ‘विकणारा’ हा शब्द होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले होते. त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर साधने घरातच आहेत. आजोबांच्या ट्रंकेत महासंघाच्या पावत्या असतील, आईच्या मोबाइलमध्ये हप्त्याचा संदेश असेल. दोन्ही कागद एका पानावर उतरवून घ्यावेत, कोणते क्रियापद कोणासाठी वापरले आहे ते पाहावे आणि शेतीत राबूनही ज्यांचे नाव दोन्हींत नाही त्या आजीचे, मक्तेदाराचे, वेचणीच्या बाईचे नाव समासात लिहून ठेवावे.